अंगठ्याखालचा धवला

मोबाइलवर गाणी ऐकायच्या किती तऱ्हा असतात हे माझ्या मुलीने एका रविवारी मला समोर बसवून शिकवलं. गाणं नेटवरून वाजवता येतं किंवा फोनमध्ये उतरवून घेता येतं, मग रेंज असो नसो. ते फोनच्याच स्पीकरवर ऐकायचं, की वायरच्या हेडफोनमधून, की कानात बसणाऱ्या त्या बिनवायरच्या दोन गोळ्यांमधून, की ब्लूटूथच्या डब्यावर, हे पुन्हा आपणच ठरवायचं. शिवाय एक ॲप होतं, ते म्हणे माझी आवड ओळखून पुढचं गाणं आपणहून लावतं. मी ते आठवडाभर वापरून पाहिलं. एकदा दोन्ही हात कापडावर होते म्हणून एक रडकं गाणं शेवटपर्यंत वाजू दिलं, तर त्या ॲपने संध्याकाळपर्यंत मला रडवायचा चंग बांधला. पन्नाशीला आले तरी माझी आवड मला धड सांगता येत नाही, ती याला कुठून कळणार. मी ते काढून टाकायला लावलं.

शहापूरच्या बाजारात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दोन मशीनी, एक कापायचं टेबल, एक आरसा आणि बाहेर बाकडं, एवढाच पसारा. घर सापगावला. सकाळी घरचं आवरून मी दुकान उघडते आणि दिवसभर मान खाली घालून शिवते. मशीनच्या खडखडाटात स्पीकरवरचं गाणं ऐकू येत नाही. बिनवायरची गोळी वाकले की कानातून पडते, एकदा ती चिंध्यांच्या पोत्यात गेली आणि शोधताना अर्धा दिवस वाया गेला. शेवटी मी माझ्यापुरतं ठरवलं. वायरचा हेडफोन आणि तोही डाव्याच कानात. उजवा कान गिऱ्हाइकांसाठी मोकळा. माझा नवरा म्हणतो, तू गाणंही अर्धंच ऐकतेस आणि माणसाचंही. त्याला काय बोलायचं, तो स्वतः गाणी लावून पाचव्या मिनिटाला घोरतो.

पण हे सगळं ज्यासाठी सांगते आहे ती गोष्ट वेगळी आहे. गेल्या वर्षी मुलीचं लग्न ठरलं, वैशाखातली तारीख निघाली आणि लग्न ठरलं त्याच महिन्यात आईच्या गळ्यात गाठ निघाली.

आई माहेरी राहते, मुरबाडच्या पुढे डोंगराच्या अलीकडच्या गावात, माझ्या भावाकडे. ती धवलारीण आहे. आमच्याकडच्या शेतकरी घरांमध्ये लग्नाचे विधी गाण्यातून चालत. मांडवाची मेढ रोवताना एक गाणं, देवांना आवतण देताना दुसरं, हळद लावताना आणखी वेगळं. त्या गाण्याला धवला म्हणतात आणि तो म्हणणाऱ्या बाईला धवलारीण. आता लग्न लावायला भटजी येतात आणि हळदीला डीजे असतो, तरी जुन्या घरांतून अजून आधी धवलारणीला नारळ जातो. आईने आसपासच्या गावांतली किती लग्नं लावली याचा हिशेब तिच्याकडे नाही. तिला अक्षरओळख नाही, पण एक धवला सुरू केला की तो संपेपर्यंत एक शब्द इकडचा तिकडे होत नसे.

धवला एकटीने म्हणायचा नसतो. धवलारीण एक ओळ म्हणते आणि थांबते. तिच्या मागे बसलेली बाई तीच ओळ पुन्हा उचलते, याला झील धरणं म्हणतात. तेवढ्यात पहिलीला श्वास मिळतो, पुढची ओळ ओठांवर येते आणि हळद लावणाऱ्या हातांनाही उसंत मिळते. आईची झील माझ्या काकीने धरली, म्हणजे तिच्या धाकट्या जावेने, चाळीसेक वर्षं. दोघी घरात एकमेकींशी चुलीवरून भांडायच्या आणि संध्याकाळी एकाच पाटावर बसून गायच्या. दोन वर्षांपूर्वी काकी गेली. तेव्हापासून आईने एकही नारळ घेतला नाही. फक्त नातीच्या लग्नाचा विषय निघाला तेव्हा ती आपणहून म्हणाली होती की तिचा धवला मी म्हणेन.

आणि मग ती गाठ. डॉक्टर भला माणूस होता, त्याने घाबरवलं नाही. गाठ काढायलाच हवी, जिवाला धोका नाही, पण आवाज बसेल, तो कधी भरून येईल आणि पहिल्यासारखा येईल की नाही हे सांगता येणार नाही, असं तो म्हणाला. लग्न पुढे ढकलावं तर मुलाकडचे तयार नव्हते आणि ऑपरेशन ढकलायला डॉक्टर. आई बाकड्यावर बसून ऐकत होती. घरी येताना येष्टीत तिने एवढंच विचारलं की आता पोरीच्या मांडवात काय ती भिंतीएवढी खोकी वाजायची का. तिला डीजेचे स्पीकर म्हणायचं होतं. मी म्हटलं, आये, तुझा आवाज फोनात भरून ठेवू.

संक्रांतीनंतर मी दोन दिवस दुकान बंद ठेवून माहेरी गेले. वाटलं होतं, आई गाईल, मी बटण दाबीन. पण ती पदर सावरून बसली आणि गाईचना.

"मांडव नाय, हलद नाय. कुनाचं लगीन हाय गो, फोनचं?"

आमच्या घरात हा नेम होता खरा. लग्न नसताना धवला म्हणायचा नाही. शिकायचा तोही लग्नातच, मागे बसून. मी समजावलं, चिडले, ऑपरेशनची तारीख सांगितली. ती ढिम्म. दुपारी जेवण झाल्यावर तीच उठली. ओटीवर पाट मांडला, त्यावर तांदळाची मूठ पसरली आणि डब्यातून दोन सुपाऱ्या काढून शेजारी शेजारी ठेवल्या. एकीला हळदीचं बोट लावलं. परसातली आंब्याची डहाळी आणून भिंतीला टेकवली, ती मेढ. मग म्हणाली की आता झालं लगीन, लाव तुझं यंत्र. मी हसले आणि तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेतल्या पोरीसारखी गप्प झाले. दोन दुपारी तिने त्या सुपाऱ्यांचं साग्रसंगीत लग्न लावलं. नंतर भावाला बजावून सांगितलं की या जोडप्याला अडकित्ता लावशील तर बघ.

आवाज छान होता. थोडा जड, गाठीमुळे असेल, पण भरलेला. एकच गोष्ट मला खुपत होती. प्रत्येक ओळीनंतर आई थांबत होती. एका ओळीएवढा वेळ गप्प बसायची आणि माझ्याकडे बघायची. मला वाटलं, फोन लांब पडतोय म्हणून बघते आहे. मी तो आणखी जवळ धरला. ती पुढची ओळ म्हणायची, पुन्हा थांबायची, पुन्हा बघायची. मग माझ्या ध्यानात आलं की ती झिलेसाठी थांबते आहे. काकी नाही हे तिच्या गळ्याला अजून कळलेलं नाही, असं मला वाटलं. तिला कसं सांगणार की थांबू नकोस, मागे कुणी नाही. मी फोन तसाच धरून राहिले.

आठ दिवसांनी ऑपरेशन झालं. नीट पार पडलं. आई महिनाभर पाटीवर बाणासारख्या खुणा काढून आणि हातवारे करून बोलत होती, मग कुजबुजायला लागली. मी दुकानात बसून डाव्या कानात तिचे धवले ऐकत होते. रोज ऐकत होते. आणि रोज ती जागा यायची. आईची ओळ, मग मागे नुसती ओटी. लांबून कोंबड्याचा आवाज, कुणीतरी बादली ठेवल्याचा, आईचा श्वास. मग पुढची ओळ. मशीन चालवता चालवता माझे पाय थांबायचे. काकी नाही हे मला एकेका ओळीनंतर पुन्हा कळायचं. गिऱ्हाईक बाहेरून विचारायची, ताई, झालं का, आणि मी खेकसायचे. एका बाईचं तर मी कापडच परत केलं. माझा स्वभाव तापट आहे हे बाजाराला ठाऊक आहे, पण त्या दिवसांत मी विनाकारण तापत होते.

शेवटी मी माझ्या धंद्यासारखं केलं. जादा आहे ते कापून टाकलं. गाणं कापायचं ॲप मुलीच्या फोनवरून माझ्या फोनात घेतलं होतंच. आवाजाची नक्षी दिसते त्यात, जिथे गाणं तिथे ती जाड, जिथे काही नाही तिथे सरळ दोरा. मी प्रत्येक सरळ दोरा बोटाने धरला आणि कापला. चार दुपारी लागल्या. धवला निम्म्याने आखूड झाला, पण कसा एकसंध वाटायला लागला. मुलीला ऐकवला, ती म्हणाली, मस्त झालाय, ब्लूटूथच्या डब्यावर लावू. फोनची जागा भरत आली होती, म्हणून आधीची लांब रेकॉर्डिंगं मी काढून टाकली. बाह्यांच्या नव्या डिझाइनचे शेदोनशे फोटो होते, ते मात्र ठेवले. गिऱ्हाइकांना दाखवायला लागतात.

शिमगा झाल्यावर आईला तपासणीसाठी शहापूरला आणलं, तेव्हा ती दोन दिवस आमच्याकडे सापगावला राहिली. मला तिला चकित करायचं होतं. तिला पडवीत खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही कानांत हेडफोन घालून दिला. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःचा आवाज तसा ऐकत होती, सगळ्या बाजूंनी. आधी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. मग मान डोलायला लागली, बोटं मांडीवर ठेका धरायला लागली. मग ठेका चुकला. तिने पुन्हा धरला, पुन्हा चुकला. तिने कपाळाला आठ्या घातल्या आणि वायर ओढून काढली.

"माझी झील कुठं गेली?" तिच्या आवाजात तेव्हा नुसती हवा होती, शब्द ओठांवरून वाचावे लागत.

मी सांगितलं की तिथे रिकामंच होतं, म्हणून काढलं. मग मला वाटलं की आता सांगायलाच हवं आणि मी जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हटलं, आये, काकी नाही ना आता. आईने माझ्याकडे पाहिलं. पाट मांडून गातानाही ती माझ्याकडे अशीच पाहत होती.

"ती नाय ते मला ठाव हाय. मीच तिला शेवटचं पानी पाजलं. ती जागा तुला सोडलेली."

मी तिथेच खाली बसले. फरशी थंड होती हे आठवतं.

हे नीट कळायला माझं लहानपण सांगायला हवं. दहाव्या वर्षापासून मी लग्नात आईच्या मागे, काकीच्या शेजारी बसत असे. काकीच्या आवाजाखाली माझा आवाज लपवून मी झील धरायचे आणि मला बरंचसं येत होतं. नववीत मुरबाडच्या शाळेत जायला लागले. एका लग्नाला माझ्या वर्गातल्या दोघी आल्या होत्या. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यांनी डोक्यावर ओढण्या घेऊन, मान हलवून माझी आणि आईची नक्कल केली आणि सगळा वर्ग हसला. पुढच्या लग्नाच्या वेळी मी आईला सांगितलं की मला अभ्यास आहे. आई बरं म्हणाली. त्यानंतर तिने मला एकदाही बोलावलं नाही आणि मी एकदाही गेले नाही. अभ्यास काही मी फार केला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की आईच्या ते लक्षातच आलं नाही.

आणि आता या वयात तिने न बोलता पुन्हा जागा करून दिली होती. प्रत्येक ओळीनंतर, दोन दुपारी. मी फोन तिच्या तोंडाशी सरकवत राहिले, आणि नंतर ती सगळी जागा कात्रीने कापून काढली. ब्लाउज शिवताना मी शिवणीत कापड राखून ठेवते, बाई पुढे अंगाने भरली तर उसवून सोडता यावं म्हणून. गिऱ्हाइकाला ते दिसतही नाही. आईच्या गाण्यात तेवढंही राखलं नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, त्या नकलेच्या दिवशीही नाही.

मी मुलीला म्हटलं, जुनी रेकॉर्डिंगं परत आण. तिने फोन उलटापालटा केला. काढलेल्या वस्तू फोन महिनाभर सांभाळतो आणि मग आपणच टाकून देतो, आणि महिना उलटून गेला होता. तिने माझं तोंड पाहिलं आणि म्हणाली की थांब, मी ओळींच्या मध्ये पुन्हा रिकामी जागा घालून देते. एका संध्याकाळी तिने घालून दिली, सगळीकडे सारखी मोजून. पण धवल्याच्या ओळी सारख्या नसतात. एक दोन शब्दांत संपते, दुसरी अंगणभर फिरून येते. कुठे माझी झील अर्धी असताना आईची पुढची ओळ अंगावर यायची, कुठे मी संपून बावळटासारखी वाट बघत बसायचे. तिघींनी मिळून ऐकलं आणि आईने हात झटकला. पोरीने बिचारीने राग मानला नाही.

तेव्हा मी शेवटची तऱ्हा निवडली, जी मुलीने त्या रविवारी शिकवली नव्हती. कापलेला धवला लावायचा, ओळ संपली की अंगठ्याने थांबवायचा, झील धरायची आणि अंगठ्यानेच पुढे सोडायचा.

ऐकायला सोपं वाटतं. पहिले आठ दिवस मी एकतर शब्दाचं शेपूट कापत होते, नाहीतर पुढच्या ओळीचं नाक आत येत होतं. मी सगळं कापून इतकं चिकटवलं होतं की दोन ओळींमध्ये श्वासाएवढीही फट उरली नव्हती. ओळ कुठे संपते ते कानाने कळून उपयोग नव्हता, आधीच माहीत असावं लागत होतं. म्हणजे धवला पाठच करायला हवा होता. मी दुकानात मशीन बंद करून, आईच्या नेमासाठी टेबलावर दोन सुपाऱ्या मांडून, सराव करायला लागले. बाकड्यावरच्या बायका ऐकायच्या. एकजण म्हणाली की ताई, तुमचा फोन अडकतोय, दाखवून घ्या. मी तिला सांगितलं की अडकत नाही, मी अडकवते. आई माहेरी परत गेली होती. रविवारी मी किन्हवलीच्या गाडीने निघून तिकडे जायचे आणि ती तोच सुपाऱ्यांचा पाट मांडून माझ्या गुडघ्यावर बोटांनी ठेका द्यायची. बोलायची नाही, आवाज जपायचा होता. चुकले की गुडघ्यावर जोरात टपली. माझ्या गुडघ्याला तेव्हा पुन्हा चौदावं वर्ष लागलं होतं. आणि एक दिवस मला कळलं की मी कितीतरी ओळी फोनच्या आधीच म्हणते आहे. काकीच्या शेजारी बसून ऐकलेल्या त्या, कुठे गेल्याच नव्हत्या.

सगळे धवले काही मला आले नाहीत. आम्ही तीन निवडले. मेढीचा, हळदीचा आणि मुलीला निरोप द्यायचा.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात ब्लूटूथचा डबा लावून पाहिला. फोनवर अंगठा ठेवला तरी डबा क्षणभर मागून थांबायचा आणि तेवढ्यात पुढच्या ओळीचे दोन शब्द निसटायचे. डीजेवाल्याने त्याची वायर देऊ केली, तिने आवाज वेळेवर थांबायचा, पण भोंग्यासारखा यायचा, आई ओळखूच येईना. मी डबा बंद केला. फोन हातात धरला आणि त्याच्याच स्पीकरवर, पूर्ण मोठा करून, आईचा मेढीचा धवला सोडला. आवाज एवढासा होता. मांडवाच्या कडेला उभ्या असलेल्यांना काही ऐकू येईना, म्हणून बायका पुढे सरकल्या, पोरांना गप्प करायला लागल्या आणि बघता बघता सगळ्या जणी माझ्याभोवती दाटीने बसल्या. डीजेवाल्याने आपणहून त्याचं यंत्र बंद केलं. आई माझ्या शेजारी पाटावर बसली होती, गळ्याशी पदर घट्ट घेऊन. ऑपरेशनची खूण तिला झाकायची असते.

मेढीचा धवला नीट झाला. हळदीच्या वेळी दोनदा चुकले, दोनदा टपली बसली, बायका हसल्या. माझ्या मुलीच्या तोंडाला हळद आणि ती माझ्याकडे टक लावून बघत होती. आपल्या आईला गाताना तिने कधी पाहिलं नव्हतं ना.

मग तिसरा. यात मुलीची आई लेकीला एकेकाचा निरोप घ्यायला सांगते. आधी उंबऱ्याचा, मग पाट्या-वरवंट्याचा, मग पाण्याच्या वाटेचा, आणि शेवटी आईचा. माझ्या लग्नात हा धवला माझ्या आईनेच म्हटला होता. धवलारीण तीच आणि मुलीची आईही तीच. मी मान खाली घालून हळदीत बसले होते आणि रडत होते, आणि माझ्या डोक्यावरून धवला न अडखळता पुढे जात राहिला होता. ते मी कधी कुणाला बोलले नाही, पण मला ते लागलं होतं. वाटलं होतं, इतर लग्नांसारखंच एक लग्न लावून मोकळी झाली.

उंबऱ्याची झील मी धरली. पाट्या-वरवंट्याची धरली. पाण्याच्या वाटेची धरताना आवाज हलला, तरी धरली. मग फोनमधून आईची ओळ आली, आईचा निरोप घे म्हणणारी. मी अंगठा ठेवला आणि तोंड उघडलं, आणि काही आलं नाही. मुलगी समोर होती. ओळ मला येत होती, अगदी येत होती. अंगठ्याखाली फोन गप्प, मी गप्प. मला वाटलं, आता पुढचं सोडून द्यावं, कुणाला काय कळणार आहे. पण माझ्याच्याने अंगठा दाबवेना.

तेव्हा शेजारून झील आली. खरखरीत, फाटलेली, अर्धी हवाच होती ती, वरच्या स्वराला तर गेलीच नाही, खालूनच वळसा घालून आली. आई स्वतःच्याच ओळीची झील धरत होती. डॉक्टरने तिला अजून गायची परवानगी दिली नव्हती. ओळ संपेपर्यंत तिने माझ्या गुडघ्यावरचा हात काढला नाही. मग ती माझ्या कानाशी वाकली.

"तुझ्या हलदीला माझीबी हीच ओल आडली. काकीनं दोनदा म्हनली, माझी आन तिची."

मी तिच्याकडे पाहिलं. तिने डोळे पुसले नाहीत, नुसती हनुवटीने फोनकडे खूण केली, पोरगी ताटकळली आहे, पुढचं सोड. मी अंगठा दाबला.